टेनर गिटार २१ इंची घ्यावी की २३ इंची? स्केलच्या लांबीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे दोन टेनर गिटारी आहेत, एक २१ इंची आणि एक २३ इंची. हे चार तारांचं वाद्य घ्यायच्या विचारात असलेले लोक येतात, दोन्ही हातात घेऊन बघतात, आणि विचारतात ते बहुतेक तेच. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान. सगळं बोलणं स्टीलच्या तारांबद्दल आहे.

स्केल म्हणजे गाण्याची पट्टीच ना?

नाही, आणि हा घोळ सगळ्यात आधी मिटवायला हवा. गाणाऱ्याला ‘तुमची स्केल कोणती?’ असं विचारलं की तो ‘काळी दोन’ सांगतो. ती पट्टी. गिटारची स्केल म्हणजे मोकळ्या तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी, नटपासून (मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (खोक्यावर तारा अडकवलेल्या ब्रिजमधली पट्टी). ती वाद्य बनतानाच ठरते. तारा उतरवल्या-चढवल्या तर पट्टी बदलते, पण स्केल तीच राहते. या पानावर स्केल म्हणजे फक्त ही लांबी.

टेनर गिटार किती इंची असतात?

बहुतेक २१ ते २३ इंचांच्या दरम्यान. मधल्या पावणेतेवीस, साडेबावीस अशाही असतात. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर २१ इंच म्हणजे ५३३ आणि २३ इंच म्हणजे ५८४. नेहमीची सहा तारांची गिटार साडेपंचवीस इंचांच्या आसपास असते, म्हणजे ६४८ मिलिमीटर.

हे आकडे कुठून आले ते कळलं की पुढचं बरंच उलगडतं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या डान्स बँडमध्ये टेनर बँजोचा जोर होता. त्याच्या चार तारा, जाड तारेपासून बारीक तारेकडे, सी-जी-डी-ए अशा, एकेका पंचमाच्या अंतराने लावलेल्या असत. मग गिटारच्या मऊ आवाजाची मागणी वाढू लागली आणि बँजोवाल्यांची पंचाईत झाली. सहा तारा आणि नव्या जागा पहिल्यापासून कोण शिकणार? तेव्हा मार्टिन, गिब्सन अशा कंपन्यांनी गिटारच्या खोक्याला बँजोसारखी चार तारांची अरुंद मान लावून दिली. बँजोवाल्याची बोटं ज्या अंतराला सरावली होती तेच अंतर गिटारमध्ये आलं. टेनर बँजो सतरा फ्रेटचे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आखूड आणि एकोणीस फ्रेटचे लांब, असे दोन्ही निघत, तेव्हा टेनर गिटारीही एकाच मापाच्या झाल्या नाहीत यात नवल नाही. मार्टिनची ०-१८टी ही गाजलेली गिटार २३ इंची. किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकी लोकसंगीताच्या गटातले निक रेनल्ड्स तीच वाजवत, आणि आज २३ इंच हे टेनरचं ‘नेहमीचं’ माप वाटतं त्यात तिचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

स्केल मोजायची कशी? टेप लावला तर २३ च्या थोडं वर भरतं.

नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. साडेअकरा इंच भरलं तर स्केल २३ इंच. थेट सॅडलपर्यंत मोजू नका, कारण तार दाबली की थोडी ताणली जाऊन सूर चढतो, आणि ते भरून काढायला सॅडल मुद्दाम एक ते तीन मिलिमीटर मागे बसवलेलं असतं. तुमचं वरचं माप त्यामुळेच आलं. जुनी गिटार घेताना विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. बाराव्या फ्रेटला टेप लावलेला फोटो मागा.

दोन इंचांनी असा काय फरक पडणार?

लांबीत साडेनऊ टक्के, ताणात वीस टक्के. हा हिशेब नवा नाही. फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६३६ मध्येच तारेचे नियम मांडले: तारेचा सूर तिची लांबी, तिचा ताण आणि तिचं वजन या तिघांवर ठरतो. तार तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २३ ला २१ ने भागून वर्ग केला की १.२ येतात. वीस टक्के आले ते इथून.

बोटाला हे कसं लागतं ते सांगते. दहाची तार, म्हणजे ०.०१० इंच जाडीची, वरच्या ए ला (सगळ्यात बारीक, उंच सुराच्या तारेला) लावली तर २३ इंचांवर तिला साडेदहा किलोच्या थोडा वर ताण पडतो आणि २१ इंचांवर नऊ किलोच्या आतच. सी-जी-डी-ए साठी १०-१४-२२-३२ असा सेट लावला, तर चारही तारांचा मिळून ताण २३ इंचांवर ३८ किलोच्या आसपास आणि २१ इंचांवर साडेएकतीस. माझी २१ इंची गिटार आधी हातात दिली की लोक म्हणतात, ‘तारा किती मऊ आहेत हो.’ तारा त्याच असतात, एकाच पाकिटातल्या.

२३ इंची गिटारवर वरची ए तार सारखी तुटते. जाड तार लावू का?

जाड तारेने काही होणार नाही. हे पटायला मला फार वेळ लागला, म्हणून इथे जरा थांबते.

तार जाड केली तर त्या सुराला पोचायला ताण जास्त लागतो हे खरं. पण तो ताण पेलायला धातूही तेवढाच जास्त असतो. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात वाढतात आणि हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे साधी, न गुंडाळलेली स्टीलची तार कोणत्या सुराला तुटणार हे तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसतं. ते ठरतं दोनच गोष्टींवर: लांबी आणि सूर. उलट बारीक तार ओढून काढताना तिचं पोलाद अधिक कणखर होतं, म्हणून झालाच तर बारीक तारेचा किंचित फायदा होतो.

आता वेगवेगळ्या लांबीवर तो ए सूर तारेला किती जड जातो ते पाहा. नेहमीच्या साडेपंचवीस इंची गिटारची सगळ्यात बारीक तार ई ला असते. २३ इंचांवर ए लावणं म्हणजे त्या गिटारची ई तार पिळत पिळत जी च्याही थोडी वर नेण्यासारखं आहे. तार टिकते, पण तिच्याकडे फारसं शिल्लक राहत नाही. २१ इंचांवर तोच ए म्हणजे ई तार एफ शार्पच्या जरा अलीकडे नेण्याइतका. तेवढ्यावर तार निवांत असते.

आणि साडेपंचवीस इंचांवर सरळ ए लावायला गेलात तर? मी गेले होते. टेनर घेण्याआधी घरातल्या गिटारच्या दोन तारा काढल्या, उरलेल्या चारांना पंचमात लावायचं ठरवलं आणि खुंटी पिळत बसले. जी शार्पपर्यंत तार गेली. पुढे खुंटी फिरायची, पण सूर जागचा हलेना. नटपाशी बारीक करकर ऐकू आली आणि दुसऱ्याच क्षणी तार माझ्या मनगटावर. लाल वळ दोन दिवस होता. ती लांबी त्या सुरासाठी नव्हतीच.

तुमच्या २३ इंची गिटारवर तार सारखी तुटत असेल तर ती कुठे तुटते ते आधी बघा. दर वेळी एकाच जागी, म्हणजे सॅडलवर किंवा खुंटीच्या भोकाशी, तुटत असेल तर तिथे धार आली आहे. बारीक पॉलिश पेपरने ती मोडा. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं तर तार अडकत नाही, सरकते. मोकळ्या भागात मध्येच तुटत असेल तर तार जुनी झाली किंवा गंजली, ती बदला. एवढं करूनही कटकट होत असेल तर चारही तारा एक सूर खाली, बी फ्लॅट-एफ-सी-जी अशा लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा.

माझे हात लहान आहेत. आखूड स्केलच घ्यावी ना?

बहुतेक हो. पण ‘हात लहान’ हे कारण अर्धवट आहे. वाजवणार काय, त्यावर बरंच अवलंबून आहे.

पंचमात लावलेल्या वाद्यावर एका तारेवरून पुढच्या तारेवर जाईपर्यंत सात फ्रेट येतात. नेहमीच्या गिटारला हे अंतर पाच फ्रेटचं असतं, एका ठिकाणी तर चारचंच. त्यामुळे पंचमात बोटं फाकतातच. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि पाचव्यावर करंगळी ठेवली तर २३ इंचांवर मध्ये ११४ मिलिमीटर अंतर पडतं आणि २१ इंचांवर १०४. एक सेंटिमीटर म्हणजे फार नाही असं वाटेल. करंगळीच्या टोकाला तो एक सेंटिमीटर हवाय आणि मिळत नाही, तेव्हा त्याची किंमत कळते.

मॅन्डोलिनवाल्यांचा एक आवडता कॉर्ड घ्या, जी-डी-ए-ई मध्ये ७-५-२-३ या फ्रेटांवर, जाड तारेपासून बारीक तारेकडे. सूर येतात डी, जी, बी, जी. मॅन्डोलिनवर दुसऱ्या ते सातव्या फ्रेटचं अंतर जेमतेम ७९ मिलिमीटर, त्यामुळे तो सहज बसतो आणि बोटं उचलून झटक्यात बंदही करता येतो. तोच आकार २१ इंची टेनरवर ११९ मिलिमीटरचा होतो, २३ इंचीवर १३१ चा. मला तो २१ वर अंगठा मानेच्या मागे खाली नेऊन, मनगट पुढे काढून कसाबसा लागतो. २३ वर लागत नाही. मी नाद सोडला आणि तिथे ०-०-२-३ (० म्हणजे मोकळी तार) हा आकार वर सरकवत वाजवते. डी हवा तर सी-जी-डी-ए मध्ये २-२-४-५. चारच फ्रेटमध्ये काम होतं आणि ऐकणाऱ्याला काहीही कमी वाटत नाही.

धून वाजवणाऱ्यांना वेगळी अडचण येते. मॅन्डोलिनची सवय असेल तर एकेका बोटाकडे दोन-दोन फ्रेट असतात. ही वाटणी २१ वर ओढूनताणून चालते, २३ वर नाही. तिथे चेलोवाल्यांसारखं एका बोटाला एक फ्रेट आणि मग हात सरकवायचा. चेलोचा सराव असलेल्या माणसाच्या हाती २३ इंची दिली तर तो पाच मिनिटांत घरी असल्यासारखा वाजवतो. मॅन्डोलिनवाल्याला तीच पहिला महिनाभर परकी वाटते.

नुसती गाण्याला साथ करायची, मोकळ्या तारांचे कॉर्ड धरायचे, तर लहान हातांनाही २३ इंची जमते. नटपाशी तिची मान साधारण ३२ मिलिमीटर रुंद असते. मुठीत मावते.

विकत घेण्याआधी हाताला सवय होईल का हे कसं तपासू?

कोणाचीही नेहमीची गिटार मागून घ्या. साडेपंचवीस इंची गिटारवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावला की उरलेली लांबी २२.७ इंच. तिसऱ्या फ्रेटला लावला की २१.४. चौथ्याला २०.२. आता कॅपोलाच नट समजा आणि वर लिहिलेले आकार धरून बघा. सूर जुळवायची गरज नाही, फक्त बोटं पोचतात का आणि दहा मिनिटांनी हात भरून येतो का ते बघायचं. मान रुंद असल्यामुळे थोडं जास्तच अवघड वाटेल, तेवढी सूट द्या. बाकी अंतरं अगदी खरी आहेत.

या चाचणीला काही पैसे पडत नाहीत आणि कोणाच्याही सल्ल्यापेक्षा, माझ्याही, ती जास्त उपयोगी आहे.

कोणत्या ट्यूनिंगला कोणती स्केल चांगली?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि तो फार उशिरा विचारला जातो. लोक आधी गिटार निवडतात, मग ट्यूनिंग. व्हायला हवं उलटं. वरच्या तारेला आखूड लांबी आवडते, खालच्या तारेला लांब. कोणत्या तारेची बाजू घ्यायची ते ट्यूनिंग ठरवतं.

सी-जी-डी-ए मध्ये वरचा ए हाच अडचणीचा, ते वर आलंच. खालचा सी बत्तीसच्या तारेवर २१ इंचांतही व्यवस्थित बोलतो. म्हणून या ट्यूनिंगला मी २१ ते २२ इंच सुचवते. २३ वर ते वर्षानुवर्षं वाजत आलं आहे आणि वाजतं, पण तार कायम कडक असते. खणखणीत, दाणेदार आवाज हवा असणाऱ्यांना तो कडकपणाच आवडतो. मला तास-दीड तास वाजवायचं असतं तेव्हा नको वाटतो.

जी-डी-ए-ई म्हणजे व्हायोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली. आयरिश धुना वाजवणारे टेनर बँजो असाच लावतात. डब्लिनर्स या आयरिश गटातल्या बार्नी मॅकेना यांच्यामुळे ती पद्धत फोफावली. इथे वरची तार ई, तिला २३ वर काहीच त्रास नाही. अडचण खर्जातल्या जी ची. बेचाळीसची तार लावली तर तिला २३ इंचांवर पावणेनऊ किलो ताण मिळतो, २१ वर सव्वासात, आणि १९ इंचांवर सहाच किलो. ताण असा उतरत गेला की तार फडफडते, फ्रेटवर आपटते, छेडताक्षणी सूर चढलेला ऐकू येतो आणि मग खाली येऊन बसतो. जाड तार लावून ताण वाढवता येतो, पण आखूड आणि जाड तार काठीसारखी वागायला लागते. तिचे वरचे स्वर मूळ सुराशी नीट जुळत नाहीत आणि आवाज घोगरा होतो. म्हणून जी-डी-ए-ई ला २३ इंच, आणि त्याहून लांब मिळाली तरी चालेल.

डी-जी-बी-ई म्हणजे गिटारच्याच वरच्या चार तारा. सहा तारांवरून येणाऱ्यांना काहीच नव्याने शिकावं लागत नाही. १९४४ मध्ये जॅझचे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांना सोबत घेऊन रेकॉर्डिंग करणारे टायनी ग्राइम्स याच चार तारांवर जॅझ वाजवत. या ट्यूनिंगला कोणतीही स्केल चालते. फक्त गिटारचा नेहमीचा बाराचा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच) सेट इथे ढिला पडतो, २३ इंचांवर ताण अठराएक टक्क्यांनी उतरतो. तेराचा सेट घ्या.

२३ च्या गिटारचा सेट २१ च्या गिटारला चालेल का?

चालतो, मऊ लागतो. तसाच ताण हवा असेल तर प्रत्येक तार सुमारे एक दशांशाने जाड घ्या. १०-१४-२२-३२ च्या जागी ११-१५-२४-३५. मी स्वतः मधला रस्ता धरते, वरच्या दोन तारा त्याच आणि खालच्या दोन जाड, कारण ढिलेपणा खालीच जाणवतो. तयार पाकिटांवर ‘टेनर’ लिहिलेलं असतं, पण ते कोणत्या ट्यूनिंगसाठी आहे ते नीट वाचा. सी-जी-डी-ए चा सेट जी-डी-ए-ई ला लावला तर तारा दोरीसारख्या लोंबतात. उलटं केलंत तर ब्रिज उचलला जाण्याची भीती.

आवाजात फरक ऐकू येतो का?

येतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. माझ्या दोन गिटारींचे आवाज खूप वेगळे आहेत. त्यातलं किती स्केलमुळे आणि किती खोक्यामुळे, हे त्या दोघी शेजारी ठेवून कळत नाही, कारण एकीचं खोकं लहान आणि दुसरीचं मोठं.

म्हणून एक प्रयोग केला. २३ इंची गिटार अर्धा सूर उतरवली, पहिल्या फ्रेटला कॅपो लावला. लांबी झाली २१.७ इंच, सूर पुन्हा सी-जी-डी-ए, खोकं तेच, तारा त्याच. एकच धून दोन्ही तऱ्हांनी वाजवून रेकॉर्ड केली आणि दुसऱ्या दिवशी कोणती कोणती हे न बघता ऐकली. आखूड लांबीवर प्लेक्ट्रमचा पहिला आघात मऊ झाला होता, ए तारेचा तिखटपणा कमी झाला होता आणि मोकळ्या तारेची आस थोडी लवकर विरत होती. कॅपोमुळेही थोडा फरक पडतो, तो धरूनही हे ऐकू येण्यासारखं होतं. पण ही गिटार ती नव्हेच असं म्हणण्याइतकं नाही. आवाजासाठीच गिटार निवडत असाल तर खोक्याचा आकार, वरची फळी आणि तारा यांच्याकडे आधी बघा.

आखूड स्केल बेसूर वाजते असं ऐकलं. खरं का?

गिटार बेसूर नसते, हात जड पडतो. ढिल्या तारेवर बोट जोरात दाबलं की सूर पटकन चढतो, आणि आखूड स्केलवर तार ढिलीच असते. लांब स्केलवरून येणारे लोक सवयीने दाबत राहतात आणि कॉर्डमधली जाड तार चढी ऐकू येते. बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवा, जेवढ्यास तेवढं दाबा. तरीही बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळत नसेल तर तारांचं गेज (जाडी) बदलल्यामुळे सॅडलची जागा चुकली असेल. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर सूर चढतोच. ते कारागिराकडून एकदा करून घ्या, खर्च वसूल होतो.

मान खोक्याला बाराव्या फ्रेटवर मिळते की चौदाव्या, याने काही बदलतं?

बसायच्या ढबीत बदलतं. २३ इंची, बाराव्या फ्रेटवर मिळणारी मान खोक्याबाहेर साडेअकरा इंच असते. २१ इंची, चौदाव्या फ्रेटवर मिळणारी असेल तर तीही साधारण तेवढीच, किंचित मोठीच. म्हणजे डावा हात दोन्हीकडे सारखाच लांब जातो. खांदा दुखणाऱ्यांनी स्केलबरोबर हेही बघावं.

नेहमीची छोटी गिटार आणून तिची टेनर करता येईल का?

येते, आणि पहिल्या अनुभवासाठी हा मार्ग मला आवडतो. लिटल मार्टिन २३ इंची आहे, बेबी टेलर पावणेतेवीस. म्हणजे लांबी टेनरचीच. चार खाचांचा नवा नट करून घ्यायचा, सॅडलवर चार तारांची जागा आखायची, दोन खुंट्या रिकाम्या. मान रुंद राहते, त्यामुळे टेनरची ती मुठीत मावणारी मान मिळत नाही. मोठ्या हातांच्या माणसांना मात्र हीच रुंदी सोयीची वाटते. साडेपंचवीस इंची गिटारवर करायचंच असेल तर जी-डी-ए-ई लावा. वरची ई तिथे आपल्या नेहमीच्या जागीच असते. सी-जी-डी-ए लावू नका. माझ्या मनगटाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

बॅरिटोन युकुलेली आणि टेनर गिटार एकच का? आणि प्लेक्ट्रम गिटार?

नाही. बॅरिटोन युकुलेली १९-२० इंची, नायलॉनच्या तारांची, डी-जी-बी-ई मध्ये. तिच्यावर स्टीलच्या तारा चढवू नका, ब्रिज सुटून येईल. टेनर युकुलेली तर १७ इंचांचीच असते, नावापुरतं साम्य. प्लेक्ट्रम गिटारला चारच तारा, पण लांबी २६ इंचांच्या वर, आणि ट्यूनिंग सी-जी-बी-डी. जुन्या वाद्यांच्या बाजारात ती कधीकधी ‘टेनर’ म्हणून दाखवली जाते. बारावा फ्रेट मोजला की लगेच ओळखू येते.

जुनी २३ इंची गिटार मिळते आहे. काय बघू?

मान सरळ आहे का ते आधी. त्या काळच्या बऱ्याच टेनर गिटारींना मानेच्या आतली, फिरवून मान सरळ करता येणारी सळई (ट्रस रॉड) नसते. मान वाकली तर दुरुस्ती मोठी होते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का पाहा, सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे. ब्रिजच्या मागे फळी फुगलेली दिसली तर कोणीतरी वर्षानुवर्षं फार जाड तारा लावून ठेवल्या होत्या असं समजा. घेतलीत तर पहिल्या दिवशी हलका सेट लावा आणि सूर-दीड सूर खालीच ठेवा, आठवडाभर काही हललं नाही की मग वर न्या.

दोन्ही ठेवण्यात अर्थ आहे का?

एकाच ट्यूनिंगमध्ये वाजवत असाल तर नाही, एक नीट निवडा. मी दोन ठेवल्या कारण मला दोन्ही ट्यूनिंग हवी होती. २१ इंची सी-जी-डी-ए मध्ये असते, २३ इंची जी-डी-ए-ई मध्ये, आणि गेली काही वर्षं मी त्यांची अदलाबदल केलेली नाही. एकीवरून दुसरीवर जाताना पहिल्या दोन-तीन धुनांत करंगळी चुकते. लांबवर आखूड पडते, आखूडवर पुढच्या फ्रेटवर चढते. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच: गिटार बदलली की आधी एकाच तारेवर, हळू, डोळे मिटून पहिल्या ते सातव्या फ्रेटपर्यंत चार-पाच वेळा वर-खाली. बोटांना नवी अंतरं आठवतात, मग कॉर्ड.